हरकत मागे घ्यायला गेलेला माणूस

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने व पूर्ण गांभीर्याने कळविण्यात येते की, अमरावती शहरातील सर्वांत मोठा, विनापरवाना आणि कुठल्याही सायलेन्सरला न जुमानणारा आवाज कायमचा बंद पडला आहे. तरी शहरातील समस्त फटफट्यांनी आपापली इंजिनं बंद करून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. फुलं आणू नयेत. रडका सूर लावू नये. गिला वडा चालेल.

ही घोषणा माझी नाही, खुद्द मयताने मंजूर केलेली आहे. “मी मेलो का हेच वाचजो नाना, घसा नीट खाकरून,” असं मनोहर तायडेनं मला कैकदा बजावलं होतं. मी सूत्रसंचालनाचा धंदा करतो. लग्नापासून लोकार्पणापर्यंत जिथे माइक तिथे मी. त्यामुळे आपल्या शेवटच्या कार्यक्रमाची सुपारी मित्र म्हणून मलाच, तीही फुकटात, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात मात्र ती घोषणा मला वाचता आली नाही. बातमी आली तेव्हा मी वलगावला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात होतो. समोर परीच्या वेषातल्या मुली रांगेत उभ्या, आणि खिशात फोन थरथरतोय. पलीकडून सुमनवहिनी, मनोहरची बायको. “भाऊजी, हे गेले.”  मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “गोदामाची चाबी तुमच्याच जवळ आहे न? तेवढं कुलूप पाहून घ्या. लोकं येऊन राहिले.”

घरात नवरा निपचित पडलेला, आणि बाईला पहिली काळजी कुलपाची. कोणाला वाटेल, आत सोनं-नाणं असेल. आत होती एक स्कूटर. विजेवर चालणारी, पोपटी रंगाची, इंजिन ऑइलच्या डब्यांआड ताडपत्रीखाली दडवलेली. मी वलगावहून थेट गोदामावर गेलो, कुलूप ओढून पाहिलं, आणि मगच मित्राच्या अंत्यदर्शनाला गेलो. हे लिहितानाही कानशिलं तापतात. पण मनोहरच्या अब्रूचा प्रश्न होता, आणि ती कशी अडकली होती हे सांगायचं तर मागं जायला हवं.

मनोहर मूळचा तेल्हाऱ्याचा. कॉलेजसाठी अमरावतीला आला आणि इथलाच झाला. आमची ओळख एकांकिकेत झाली. मी रंगमंचावर राजा, प्रधान, सावकार, जे मिळेल ते. आणि मनोहर पडद्याआड. ढगांचा गडगडाट, घोड्यांच्या टापा, दूरवरून येणारी मोटरसायकल... सगळं तो तोंडानं काढायचा, आणि इतकं हुबेहूब की एकदा त्याच्या मोटरसायकलच्या आवाजावर पहिल्या रांगेतले पाहुणे दचकून पाय आखडून बसले होते. बक्षीस मला मिळालं, टाळ्या त्याला. पुढे त्यानं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना मेकॅनिक आणि मध्ये मनोहरचं दुकान, माझीही रोजची बैठक तिथेच. प्लग, पिस्टन, क्लच वायर, आणि काउंटरवर सबंध गल्लीची थट्टा. समोर रफिकभाई, गल्लीतले सर्वांत जुने मेकॅनिक आणि तिथल्या मेकॅनिक संघाचे अध्यक्ष. कोणाचं इंजिन कुरकुरलं की मनोहर दुकानातून तोच आवाज तोंडानं काढून दाखवायचा आणि ओरडायचा, “रफिकभाई, म्हातारी खोकलून राहिली, छातीले शेक द्या!” त्याची स्वतःची फटफटी दोन चौक आधीच ऐकू यायची. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणायच्या, यांच्या गाडीच्या आवाजावर मी कुकर गॅसवर चढवते.

तर अशा या माणसाच्या आयुष्यात शासनाचा आराखडा आला. राज्यातल्या सगळ्या गाड्या हळूहळू विजेवर आणायच्या, त्याची योजना आखायची, आणि ती लोकांना विचारून आखायची, असं ठरलं. जागोजागी बैठका लावल्या. नागरिकांनी यावं, सूचना द्याव्यात, हरकती नोंदवाव्यात. अमरावतीच्या बैठकीचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. आमच्या गल्लीपुरती त्या आराखड्यात एक बरी गोष्ट होती. गल्लीच्या तोंडाशी जी रिकामी जागा आहे तिथे चार्जिंगची सोय, आणि शेजारी मेकॅनिकांना या नव्या गाड्यांची दुरुस्ती शिकवायचं केंद्र. मनोहरनं ते वाचलं होतं की नाही, देव... त्याच्यापुरतं सांगायचं तर देव नव्हताच, पण त्यानं नीट वाचलं नसावं. त्याला दिसला तो फक्त भरलेला हॉल आणि समोरचा माइक.

आता आमच्या वऱ्हाडात सभेची एक रीत आहे. मुद्दा कोणाचा बरोबर, हे कोणी बघत नाही. हॉल कोणी हसवला, हे बघतात. ज्याला हशा, त्याची बाजू खरी. मनोहर उठला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सुरू झाला. “साहेब, अकोल्याच्या उन्हात माणूस चार्ज राहत नाई, बॅटरी काय राहीन?” हशा. “आमच्या इथी लाईन पाहुण्यावानी येते, चहा पिते आन् जाते!” टाळ्या. “वरूडचा संत्रा काय एक्स्टेंशन बोर्डावर मुंबईले पाठवता का?” हॉल डोक्यावर. मग त्यानं तोंडानं फटफटीचा आवाज काढला, पहिल्या किकपासून टॉप गियरपर्यंत, आणि एकदम थांबून म्हणाला, “ज्या दिवशी मी बिनाआवाजाच्या गाडीवर बसलो, त्या दिवशी माह्या गल्लीनं माह्या तोंडाले काळं फासावं!” व्हिडिओ झाला, फोनाफोनांतून फिरला, तेल्हाऱ्याहून त्याच्या चुलत्याचा फोन आला. आमचा मनोहर हिरो झाला. गल्लीच्या वतीनं त्याची हरकत रीतसर नोंदली गेली.

सुधारलेला आराखडा आला तेव्हा त्यात आमच्या गल्लीचं नाव नव्हतं. स्थानिकांच्या तीव्र भावना लक्षात घेऊन चार्जिंगची जागा आणि प्रशिक्षण केंद्र, दोन्ही दुसरीकडे हलवलं होतं. शासनानं खरंच लोकांचं ऐकलं होतं... त्याला काय म्हणणार? गल्लीत कोणी काही बोललं नाही. पण विजेच्या स्कूटरी रस्त्यावर वाढत होत्या, आणि एखादा गिऱ्हाईक आमच्या गल्लीत तशी गाडी ढकलत आणायचा, तेव्हा रफिकभाईंची पोरं तिच्याभोवती फेरी मारून हात पुसायची आणि म्हणायची, “याचं काम इथी होत नाई, भाऊ.” मनोहर काउंटरवरून ते बघायचा आणि प्लगच्या डब्या उगाच सरळ करत बसायचा.

त्यातच त्याच्या छातीत कळ आली. बरा झाला, पण डॉक्टरांनी किक मारायला बंदी घातली. फटफटीला किकशिवाय दुसरा उपाय नव्हता. घरी बसणं मनोहरच्या स्वभावात नव्हतं आणि रिक्षाचं भाडं त्याला पटत नव्हतं. एका उन्हाळ्यात तो मला म्हणाला, “नाना, अकोल्याले चाल. कावून म्हणून इचारू नको.” अकोल्याच्या उन्हात सगळंच गाव डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतं, म्हणून त्यानं मुद्दाम ते गाव आणि तो महिना निवडला होता. शोरूममध्येही साहेबांनी दुपट्टा सोडला नाही. विकणाऱ्या मुलीला वाटलं, आजोबांना दाताचं दुखणं असावं. हजर माल म्हणून एकच गाडी होती, आणि ती पोपटी! मनोहर कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि दुपट्ट्याआडून म्हणाला, “लपवाची गाडी, आन् रंग पाहा बे हिचा... मिरवणुकीतला.” ती आम्ही टेम्पोत सरकीच्या पोत्यांमागे घालून अमरावतीला आणली, दुकानामागच्या गोदामात दडवली, आणि एक चावी माझ्याकडे ठेवली.

पहाटे तो ती बाहेर काढायचा. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर चष्मा, आणि वलगावच्या रस्त्याला. पहिल्यांदा मला मागे बसवून नेलं तेव्हा शहर मागे पडल्यावर गाडी थांबवली आणि म्हणाला, “आयकलं का? पाखरं. एवढी वर्षं या रस्त्यानं येऊन राहिलो, मले वाटे इथी पाखरंच नाई.” मी हसलो, तोही हसला. पण गाडी परत सुरू केली तेव्हा एक गंमत झाली. मूठ पिळली, गाडी निघाली, आणि मनोहर तोंडानं आवाज काढायला लागला. टुर्रर्र... दुसरा गियर... तिसरा. “अबे, काय करून राहिला?” मी म्हटलं. तो ओशाळला. “सवय हाये गड्या. आवाजाबिगर तोल जाते माह्या.” पुढेही तो तसंच चालवायचा, पोपटी गाडीवर दुपट्टा गुंडाळून, तोंडानं गियर बदलत. मी ती गोष्ट मनातल्या मनात किती रंगवली होती! एखाद्या दिवशी भर सभेत सांगीन म्हणत होतो.

पण त्याला ते गमतीचं राहिलं नव्हतं. तो नियमानं रविवारी विहारात वंदनेला जायचा, आणि त्याचा आवाज तिथेही सगळ्यांच्या वर असायचा. आता चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी आलं, की त्याला खोकला यायचा. दर वेळी तिथेच. वहिनींनी मला हळूच सांगितलं, “भाऊजी, डॉक्टरले दाखवून काही होणार नाही याचं.” दुकानात एखादं पोर त्याला म्हणे, “काका, तो काळं फासाचा डायलॉग मारा न,” आणि तो मारायचा. मारल्यावर पाठ फिरवून पाणी प्यायचा.

मग कळलं की सुधारलेल्या आराखड्यावर पुन्हा लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत, आणि बैठक अकोल्याला आहे. मनोहर म्हणाला, “मी माह्यी हरकत वापस घेतो. भर सभेत घातली, भर सभेतच घेतो. मंग तोंडाले काळं लागो, नाई तं कुंकू लागो.” त्या दिवशी त्यानं लग्नातला कोट घातला होता. मी प्रेक्षकांत बसलो होतो. माइक दुसऱ्या सूत्रसंचालकाकडे होता, आणि त्यानं मनोहरचं नाव पुकारलं तेच मुळी “आता ज्यांची आपण आतुरतेनं वाट पाहत होतो” असं. लोकांनी ओळखलं. तो उभा राहायच्या आधीच शिट्ट्या.

“साहेब,” मनोहर म्हणाला, “माह्या नावावर एक हरकत हाये. थे मी वापस घ्याले आलो.” हशा. “हसू नका. माह्यं चुकलं.” जोरात हशा. त्यानं कोटाचं बटण चाचपलं. “खरंच चुकलं हो. माह्यामुळं गल्लीतल्या पोरायचं नुकसान झालं. मी सोता बिजलीची गाडी चालोतो... पोपटी हाये...” पोपटी म्हटल्यावर तर हॉल कोसळला. मागून कोणीतरी ओरडलं, “आणा रे काळं!” व्यासपीठावरचे मोठे साहेब रुमालानं डोळे टिपत होते. तोंडानं गाडीचा आवाज काढा, अशी फर्माईश झाली. मनोहर तसाच उभा राहिला, ओठ मिटून. ते मौनसुद्धा लोकांना नक्कल वाटलं, बिनाआवाजाच्या गाडीची नक्कल! त्यावर सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. साहेबांनी त्याला जवळ बोलावून पुष्पगुच्छ दिला आणि म्हणाले, असे जागरूक नागरिक आहेत म्हणून लोकसहभागाला अर्थ आहे. हरकत होती तशीच राहिली. मी खुर्चीत बसून त्या गर्दीकडे बघत होतो. आयुष्यभर मी अशाच गर्दीला हसायला लावून पोट भरलं. त्या दिवशी त्या हशाची मला शिसारी आली आणि स्वतःच्या धंद्याची लाज वाटली.

परत येताना एसटीत तो खिडकीपाशी बसला होता, मांडीवर तो पुष्पगुच्छ. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाला, “एवढा जनम लोकायले हसवलं, नाना... आज एकदा हसू नका म्हणलं, तं आयकलं नाई बे कोणी.” मी त्याच्या मांडीवरचा पुष्पगुच्छ उचलून माझ्या पिशवीत टाकला.  त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला.

शोकसभा गल्लीतच झाली. दुकानाच्या शटरसमोर टेबल, टेबलावर बुद्धमूर्ती, शेजारी मनोहरचा फोटो, मेणबत्त्या. सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. चौथं शील आलं तेव्हा वहिनींनी डोळे मिटले, आणि त्या जागेवर कोणी खोकलं नाही. मग भाषणं. एक म्हणाला, मनोहरभाऊ पेट्रोलचे शेवटचे शिलेदार. दुसरा म्हणाला, अखेरच्या श्वासापर्यंत विजेच्या गाडीला शिवले नाहीत. पोरांनी गाड्यांचे सायलेन्सर काढून ठेवले होते; सभा संपली की शहरभर आवाजाची मानवंदना देत जायचं होतं. माइक माझ्या हातात आणि गोदामाची चावी खिशात. सांगितलं, तर लोक पुन्हा हसतील आणि मेलेल्या माणसाचं हसं होईल. नाही सांगितलं, तर जी गोष्ट तो लाज गिळून सांगायला अकोल्याला गेला होता, ती त्याच्याबरोबरच जळून गेली असं होईल. मी वहिनींकडे पाहिलं. त्या माझ्या खिशाकडे बघत होत्या.

“मित्रहो,” मी म्हटलं, “मनोहरच्या गोदामात...”

“पोपटी गाडी हाये,” रफिकभाई म्हणाले. बसल्या जागेवरून, अगदी साध्या आवाजात. “मालूम हाये, नानाभाऊ. चार्जिंगले लावता का नाई तिले? बॅटरी बसून जाईन.”

कोणी हसलं नाही.  रफिकभाई उठले, टेबलाला हात टेकून उभे राहिले. “गल्लीत सर्व्यायले मालूम होतं. पहाटं फज्रच्या नमाजाले निघालो का रोज आयकू ये. तोंडानं गियर टाकत जात मनोहरभाऊ. आता गाडीले आवाज नसला तरी त्यायले होता न! भाऊ गोदाम उघडं ठेवून दुकानात गेले का माह्यी पोरं गुपचूप तिच्या चाकात हवा भरून ठेवत. भाऊ सोताहून सांगतीन, म्हणून आमी चूप राह्यलो. इज्जतीचा सवाल होता. अकोल्याचा व्हिडिओबी आला होता. तिथले हसले... आमी नाई हसलो. पण दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ‘भाऊ, आमाले पटलं’ असं म्हणलंबी नाई कोणी.” मग ते ऑइलनं काळ्या झालेल्या आपल्या हातांकडे बघत म्हणाले, “थेवढं म्हणाले पायजे होतं.”

गल्लीनं त्याची अब्रू इतकी सांभाळली, की त्या अब्रूखाली तो एकटाच दबून राहिला.  नंतर शोकठराव झाला. शोकठरावात दुःख व्यक्त करतात, कुटुंबाला बळ मिळो म्हणतात. आमच्या ठरावात रफिकभाईंनी आणखी एक वाक्य घालायला लावलं. मनोहर तायडे यांनी आपली हरकत भर सभेत मागे घेतली आहे, गल्लीचंही म्हणणं तेच आहे, आणि आराखडा करणाऱ्यांनी त्याची नोंद घ्यावी. सगळ्यांनी हात वर केले. ठराव पाठवला आहे. तिकडून अजून काही आलेलं नाही. शोकठरावाला सूचना म्हणायचं की हरकत, यावर बहुधा विचार चालू असावा.

मानवंदनेचा बेत सोडून पोरांनी सायलेन्सर उचलून बाजूला ठेवले. मी गोदाम उघडलं. ऑइलचे डबे सरकवले, ताडपत्री काढली. हँडलला त्याचा दुपट्टा तसाच गुंडाळलेला होता. गाडीत थोडी जान शिल्लक होती. वहिनी म्हणाल्या, “रफिकभाई, तुम्हीच काढा बाहेर.” रफिकभाईंनी हात पुसले, बसले. ज्या माणसाच्या हाताखालून शहरातल्या निम्म्या फटफट्या गेल्या, तो नव्या सायकलीवर बसल्यासारखा दोन्ही पाय खाली सोडून बसला होता. त्यांनी मूठ पिळली. पोपटी गाडी गोदामातून निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या रिकाम्या जागेकडे हळूहळू चालू लागली. दोन्ही बाजूंना सगळी गल्ली उभी. इंजिनं बंद. चाकाखाली खडी चुरडल्याचा तेवढा आवाज येत होता; बाकी काही नाही. ती शांतता संपेना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जणू कोणाचं तरी काहीतरी म्हणायचं राहून गेलं होतं. मनोहर गेला हे मला त्या क्षणी कळलं, फोनवर कळलं नव्हतं... आणि तेवढ्यात आयुष्यभर वर्गात मुलांना गप्प बसवत आलेल्या सुमनवहिनी भर गल्लीत ओरडल्या,

“अजी, कोणी तं आवाज काढा न तोंडानं!”